मध्यंतरानंतरचं काकू सांगतात

बेकरीवाल्या काकांनी जेवढी अर्धी नाटकं बघितली, तेवढी पुरी नाटकं बघितलेला माणूस त्या गल्लीत दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. अर्धी म्हणजे अगदी नेमकी अर्धी. रविवारी दुपारी प्रयोग असायचा. काका-काकू जोडीनं जायचे, मागच्या बाजूला कडेच्या दोन खुर्च्या धरायचे, आणि मध्यंतराची घंटा झाली की काका उठायचे. संध्याकाळच्या पावाची वेळ झालेली असायची. भट्टी काही कुणाच्या प्रेमभंगासाठी थांबत नाही. नाटकात कुणी बंदूक ताणलेली असो, कुणाचं लग्न मोडायच्या बेताला आलेलं असो, काका चपला पायांत सरकवायचे आणि जाता जाता काकूंना एवढंच सांगायचे, "नीट बघ गं. काही सोडू नकोस."

काकू काही सोडत नसत. पडदा पडला की तडक बेकरीत यायच्या, पदर खोचून मैद्याच्या पोत्यावर बसायच्या आणि उरलेलं नाटक सांगायला लागायच्या. काका पावाचे पत्रे भट्टीत सारायचे, बाहेर ओढायचे, आणि ऐकायचे. काकूंचं सांगणं म्हणजे नुसतं 'मग तो आला, मग ती गेली' असं नव्हे. कोण कुठे उभं होतं, कुणाचा आवाज कुठे चिरकला, पुढच्या रांगेतलं कुणाचं पोर नेमकं मरणाच्या प्रसंगात शिंकलं, सगळं त्यात यायचं. काका म्हणायचे की तिकिटाचे पैसे पहिल्या अंकाचे, दुसरा अंक आपल्याला घरी फुकट होतो आणि तोच जास्त रंगतो.

आता हे जास्त रंगण्याचं कारण काकूंनाच ठाऊक होतं. आणि आणखी एका माणसाला, पण ते पुढे येईल.

लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. एका नाटकात दवाखान्यातली एक गोड नर्स होती. पहिल्या अंकात तिनं काकांना असं काही जिंकून घेतलं की घरी जाताना ते वाटभर हसत गेले म्हणे. दुसऱ्या अंकात ती नर्स साथीच्या तापानं गेली. काकूंनी भोळेपणानं जसं होतं तसं सांगितलं.  काका मान खाली घालून पीठ मळत राहिले. दुसऱ्या दिवशी गल्लीतलं एकेक माणूस पाव हातात धरून दुकानात यायला लागलं. काकांनी मीठ दोनदा घातलं होतं, का तीनदा, ते त्यांनाच आठवेना. कुणी म्हणालं पाव समुद्रात बुचकळून काढला का, कुणी म्हणालं याच्याबरोबर भाजी अळणीच करावी लागेल. काका गिऱ्हाइकांना पाव बदलून देत होते आणि मधेच सुस्कारा टाकून म्हणत होते, "बिचारी. इतक्या लोकांची सेवा केली तिनं."

काकूंनी त्या दिवशी कानाला खडा लावला. नाटकातलं दुःख पावात उतरू द्यायचं नाही. पुढच्या रविवारी एका आगगाडीच्या स्टेशनवर मुलाची वाट बघणारा म्हातारा होता. मुलगा शेवटपर्यंत आला नाही. काकूंनी त्याला बेकरीच्या दारापाशी पोचता पोचता आणला, उशिराच्या गाडीनं, हातात बापासाठी नवी काठी देऊन. काका इतके खूश झाले की त्या दिवशीचा पाव टम्म फुगून पत्र्याबाहेर आला.

तिथून पुढे काकूंचा हात बसला. बुडालेले पोहून वर येऊ लागले. पळून गेलेल्या बायका कोपऱ्यावरून परत फिरू लागल्या. पण उगाच गोड गोडही त्या करत नसत. काकांना ते पटलं नसतं. माणसाला आधी नीट रडवायचं, अगदी आता संपलंच असं वाटू द्यायचं, आणि मग एखादं दार किलकिलं करायचं, अशी त्यांची रीत.

घरी टीव्ही आला तेव्हाही फरक पडला नाही. पहाटे उठणारा माणूस, मालिकेच्या मध्यावरच काकांची मान छातीवर पडायची. सकाळी उठल्याबरोबर पहिला प्रश्न, तिची सासू काय म्हणाली. मग सासू काय म्हणाली तेही काकूच ठरवायच्या.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण काकांच्या पोटात गोष्ट राहत नसे. सकाळी पावाला रांग लागली की ते गल्ल्यामागे उभे राहून आदल्या दिवशीचं नाटक सांगायचे, आणि ती रांग म्हणजे सगळी आपल्यासारखीच वेडी माणसं. टेलरमास्तर मालिका बघायचे ते आवाज बंद करून, कारण त्याच खोलीत नात झोपलेली असायची. संवाद ते मनानं घालायचे, त्यामुळे त्यांच्या मालिकेत सगळेजण मापाबद्दल आणि शिलाईबद्दल बोलायचे. सलूनवाला दोन गिऱ्हाइकांच्या मधे मोबाइलवर सिनेमा बघायचा. धंदा बरा चालला तर त्याचा नायक सोमवारी कड्याला लोंबकळायला लागायचा तो गुरुवारपर्यंत लोंबकळतच असायचा, आणि हा रांगेत सांगायचा, आज गर्दी कमी झाली तर सोडवतो बिचाऱ्याला. आणि शाळेतल्या बाई. त्या पहिल्या रांगेत बसायच्या, प्रत्येक नाटक शेवटपर्यंत बघायच्या, आणि कुठे रडायचं हे आधीच माहीत असल्यामुळे रुमाल उघडून मांडीवर ठेवायच्या.

एकदा काका रांगेला सांगत होते की नाटकातली धाकटी सून शेवटी बरी झाली आणि अंगणात आली. बाई म्हणाल्या, "अहो, ती तर गेली. मी बघितलं ना."

काका जराही डगमगले नाहीत. मायेनंच म्हणाले की बाई, शाळेत दिवसभर पोरांच्या मागे ओरडून तुम्ही दमता, शेवटाला डुलकी लागली असणार. आमच्या हिनं डोळ्यांत तेल घालून बघितलंय.

रांग हसली. बाई बघतच राहिल्या. काकूंनी झटकन चार गोड बनपाव कागदात गुंडाळून बाईंच्या पिशवीत टाकले, आणि टाकताना अशी काही नजर वर केली की बाईंना एका क्षणात सगळा उलगडा झाला. त्या दिवसापासून बाई काही बोलल्या नाहीत. कुठलंही करुण नाटक लागलं की सोमवारी त्यांच्या पिशवीत बनपाव पडायचे. बाई गमतीनं म्हणायच्या, मला नाटक सुखान्त असलं तर उपाशी राहावं लागतं.

आता यातली खरी मेख सांगायची तर काकांच्या धाकट्या भावाकडे यावं लागतं.

वडिलांचं घर दोघा भावांत अर्धं अर्धं. एका बाजूला काकांची लाकडाची भट्टी. दुसऱ्या बाजूला धाकट्यानं विजेचा ओव्हन आणला आणि केकचं दुकान थाटलं. तेही चाललं असतं. पण एकदा भर गिऱ्हाइकांत धाकटा बोलून गेला की दादाच्या पावाला धुराचा वास येतो. झालं. काकांच्या नाकावरचा राग थेट भट्टीत जाऊन पेटला. दोन स्वयंपाकघरांच्या मधे एक दार होतं, त्याला काकांनी आपल्या बाजूनं कपाट लावलं. पलीकडून धाकट्यानं मैद्याची पोती रचली. दोघांच्या बायका पुढच्या ओट्यावर भेटून हळूच बोलायच्या, पण भावाभावांत विस्तव जाईना. असं बराच काळ चाललं. काकूंनी समजावून बघितलं, पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग एका रविवारी एक नाटक आलं. दोन भाऊ, एक घर, मधे भिंत, भिंतीत एक दार. काका पहिला अंक बघताना खुर्चीत पुढे सरकून बसले होते. मध्यंतराला उठले ते एक शब्द न बोलता. 'नीट बघ' सुद्धा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या अंकात काय झालं? थोरला भाऊ दारापाशी येतो. वाजवायला हात वर करतो. तसाच थांबतो. आणि हात खाली घेतो. अंधार, पडदा. लोक टाळ्या वाजवत उठले. काकू उठल्या आणि बेकरीकडे चालू लागल्या, आणि चालता चालता त्यांनी तो हात परत वर केला.

पोत्यावर बसून त्यांनी सांगितलं की थोरल्यानं दार वाजवलं. एकदा वाजवलं, पलीकडे शांत. त्याला वाटलं, संपलं. तो वळला. आणि तेवढ्यात दार उघडलं आणि धाकटा म्हणाला, "अरे, मी कधीचा दाराशीच उभा आहे."

काकांनी हातातली पाव काढायची लांब दांड्याची फळी भिंतीला टेकवली आणि आत गेले. काकूंना कपाट सरकल्याचा आवाज आला. मग पलीकडून काहीतरी धपाधप पडल्याचा. मग दार वाजल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग धाकट्या दिराचा आवाज आला, "दादा, रड नंतर. आधी भट्टी बघ, जळल्याचा वास येतोय."

त्या संध्याकाळी गल्लीनं काळा पाव खाल्ला. कुणीही कुरकुर केली नाही. काकांनी तो फुकटच वाटला, आणि धाकट्यानं प्रत्येक पावाबरोबर केकचा एक तुकडा दिला.

तिथपासून ते दार काही बंद झालं नाही. कपाट दुसऱ्या खोलीत गेलं. पण काकांना एक खोड लागली. भाऊ भाऊ चहाला बसले की ते हटकून म्हणायचे, "नाटकातल्या थोरल्यानं दार वाजवलं म्हणून मी आलो हं. नाहीतर मी कसला येतोय." धाकटा हसायचा. काकू कपबशा विसळायला आत निघून जायच्या. चोराच्या मनात चांदणं.

वर्षं गेली. लेकीचं लग्न झालं, जावई बेकरीच्या कामात शिरला, हाताचा चांगला निघाला. आणि एके दिवशी सकाळी सलूनवाला वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन आला. तेच दोन भावांचं नाटक. बऱ्याच वर्षांनी एकच प्रयोग, थोरल्या भावाच्या भूमिकेत तोच जुना नट, आता त्याचे केस पांढरे करायची गरज उरली नव्हती.

जावई म्हणाला, "बाबा, यावेळी भट्टी माझ्याकडे. तुम्ही शेवटपर्यंत बघा."

काकांचा चेहरा लहान पोरासारखा झाला. त्यांनी चार तिकिटं काढायला लावली. दोघं आपण, दोघं धाकट्याकडची. सगळ्या रांगेला सांगून टाकलं की आमचं नाटक आलंय, ते दार उघडतं ना, ते आता मी या डोळ्यांनी बघणार, तेही भावाच्या शेजारी बसून.  काकूंनी हातातला पाव टेलरमास्तरांऐवजी त्यांच्या मागच्या माणसाला दिला.

काकू रात्रंदिवस एकच गोष्ट घोळवत होत्या. नर्स गेली काय, राहिली काय, त्याचं एवढं नव्हतं. पण नाटकातल्या थोरल्यानं दार वाजवलं म्हणून हे गेले होते. आणि आता दिसणार की त्यानं ते वाजवलंच नव्हतं. मानी माणूस. उद्या म्हणाला, मला फसवून वाकवलंत, तर? भावासमोरच म्हणाला तर? कपाट काय, अजून दुसऱ्या खोलीत शाबूत होतंच.

काकू बाईंकडे गेल्या. बाई वह्या तपासत बसल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या की कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटायचं थोडंच राहतं, आजच सांगून मोकळ्या व्हा. वर असंही म्हणाल्या की मी आजवर तुमचे इतके बनपाव खाल्लेत, माझी साक्ष कुणी धरणार नाही.

त्या संध्याकाळी काका शर्टाला इस्त्री करत होते. काकू दारात उभ्या राहिल्या. घसा साफ केला.

"अहो, त्या नाटकाच्या शेवटाचं जरा..."

काकांनी इस्त्री उभी केली आणि दोन्ही हातांनी कान झाकले. "नाही. एक अक्षर नको. जन्मभर तुझ्याकडून ऐकले, आता एक तरी शेवट मला माझा बघू दे."

  मग काकूंनी गुडघा दुखतोय म्हणून बघितलं. काका म्हणाले, रिक्षानं जाऊ. जावयाला एकट्याला भट्टी झेपेल का, म्हणून बघितलं. जावयाला राग आला. धाकट्या जावेला जरा डोकं दुखतंय असं म्हणायला सुचवलं, तर ती म्हणाली, "जाऊबाई, मी त्यासाठी नवी साडी काढलीय."

रविवार उगवला. चौघं जाऊन बसले. बाई पहिल्या रांगेत होत्याच. त्यांनी मागे वळून काकूंकडे बघितलं, आणि मांडीवरचा रुमाल उघडला.

पहिला अंक काकांना तोंडपाठ होता. नट बोलायच्या आधी त्यांचे ओठ हलायचे. मध्यंतराची घंटा झाली आणि काका सवयीनं ताडकन उठले, चपला पायांत घातल्या, दोन पावलं गेलेही. काकूंनी मनातल्या मनात देवाचे आभार मानायला सुरुवात केली होती. तेवढ्यात ते थबकले, कपाळावर हात मारला आणि हसत परत येऊन बसले. "पाय आपोआप निघाले बघ," असं भावाला म्हणाले.

दुसरा अंक सुरू झाला. काकूंनी नाटक बघितलंच नाही, त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. शेवट जवळ आला. म्हातारा नट दारापाशी आला. हात वर केला. काकांनी न बघताच शेजारी चाचपून भावाचं मनगट धरलं.

नटानं हात खाली घेतला. अंधार झाला. पडदा पडला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. दिवे लागले, लोक उठले. काका तसेच बसून. शेजारून जाणाऱ्या माणसाला त्यांनी पाय वाकडे करून वाट दिली आणि समजुतीनं सांगितलं, "अजून आहे. दार उघडायचंय अजून." तो माणूस विचित्र नजरेनं बघत गेला. सभागृह रिकामं झालं. झाडूवाला पुढच्या रांगेपासून कागद गोळा करत यायला लागला. धाकट्यानं हळूच म्हटलं, "दादा, संपलं वाटतं."

काका उठले. काकूंनी डोळे मिटून घेतले. आता फुटणार.

पण काका फुटले ते भलतीकडेच. ते संतापले होते नाटकवाल्यांवर. म्हणे, शेवट कापला यांनी. आजकाल सगळीकडे हेच, कपडे आखूड, बिस्किटं आखूड, आता नाटकंही आखूड. पैसे पुरे घेतात आणि दार उघडायच्या आधी पडदा पाडतात. मी असं आत कच्चं असताना पाव बाहेर काढला तर चालेल का गिऱ्हाइकाला? आणि असं म्हणत म्हणत ते निघालेच, बाजूच्या लहान दारानं, थेट रंगपटात. मागे धाकटा, त्याच्या मागे नवी साडी सावरत जाऊ, आणि सगळ्यांत शेवटी काकू.

म्हातारा नट बनियनवर आरशासमोर बसून कापसानं तोंड पुसत होता. अर्धं तोंड नाटकातलं, अर्धं घरचं. काकांनी आधी नमस्कार केला, काम उत्तम झालं म्हणून सांगितलं, आणि मग अदबीनं पण ठणकावून विचारलं की शेवट का कापलात.

नट म्हणाला, "अहो, हाच शेवट आहे. पहिल्या प्रयोगापासून हाच."

काका हसले. जुन्या माणसाला विसर पडतो, तसं समजून घेऊन त्यांनी नटाला त्याचंच नाटक सांगायला सुरुवात केली. थोरला दार वाजवतो. पलीकडे शांत. त्याला वाटतं, संपलं. तो वळतो. इथे काका स्वतःच वळले. आणि मागून धाकटा, त्यांचा खरा धाकटा, ऐकून ऐकून पाठ झालेलं वाक्य बोलला, "अरे, मी कधीचा दाराशीच उभा आहे."

नटाच्या हातातला कापूस तसाच राहिला. खोलीत कपडे घडी करणारी बाईही थांबली. नटानं दोघा भावांकडे बघितलं आणि विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? आमच्या हिनं. ही शेवटपर्यंत..." काका वळले. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. काकांचं वाक्य तिथंच राहिलं.

"मी सांगितलं," काकू म्हणाल्या. "दार उघडत नाही. कधीच उघडत नव्हतं. मी आपलं उघडलं."

 नट खांदा चोळत म्हणाला की वहिनी, तुम्ही लिहिणाऱ्याला आधी भेटायला हवं होतं. इतकी वर्षं हात वर करून खाली घेतोय मी, आणि दर वेळी खाली घेतानाच खांदा दुखतो. मग त्यानं काकांकडे वळून विचारलं की ते मागे वळणं परत एकदा दाखवता का, किती वेळ थांबता वळल्यावर? पण काकांना ते ऐकू गेलं नसावं. ते नमस्कार करून बाहेर पडले.

घरी चौघं चालतच निघाले. रिक्षाचं नाव कुणी काढलं नाही. काका पुढे, हात पाठीमागे बांधून. त्यांच्या मागे भाऊ. मागे दोघी जावा. चार दुकानं गेली, औषधाचं दुकान गेलं, सलून गेलं. काकूंना वाटलं, त्यापेक्षा ओरडले तर बरं.

शेवटी काका न वळताच म्हणाले, "म्हणजे ते कपाट मी उगाचच सरकवलं."

 उत्तर धाकट्यानं दिलं. अगदी रोजच्या आवाजात, जणू मैद्याचा भाव सांगतोय.

"दादा, तुझं कपाट सरकल्याचा आवाज आला तशी मी पोती ओढायला लागलो. एकट्यानं ओढली सगळी. आठवडाभर पाठ धरली होती माझी, आठवतंय ना? मला तर कुणी कुठला शेवट सांगितला नव्हता."

काका थांबले. भावाकडे बघितलं. मग पुन्हा चालू लागले, पण हात पाठीमागचे सुटले होते. आणि कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी काकूंना शेजारी येऊ दिलं.

"ती नर्स?"

"गेली हो. तेव्हाच सांगितलं होतं खरं, तर तुम्ही पाव खारट केलात."

"हो, ती गेलीच होती. आणि स्टेशनवरचा म्हातारा?"

"मुलगा नाही आला त्याचा."

"काठी घेऊन आला होता ना?"

"काठी माझी."

काका जरा वेळ त्या काठीचं दुःख करत चालले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "ते कुत्रं? पुरात वाहून गेलेलं?"

"ते खरंच वाचलं," काकू म्हणाल्या. "शपथ. कुत्र्याला मी हात लावला नाही."

"तेवढं एक मला खोटं वाटलं होतं," काका म्हणाले. धाकट्याला एकदम हसू फुटलं, मग जावेला, आणि मग काका रस्त्यातच एका घराच्या पायरीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसले. हसत होते का आणखी काही, ते काकूंनी बारकाईनं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावाची रांग रोजच्यापेक्षा लांब होती. सगळ्यांना ऐकायचं होतं. टेलरमास्तर टेप गळ्यात घालूनच आले होते. बाई रांगेत होत्या, तोंड मिटून. काकू मागे पत्रे पुसत होत्या आणि पुसलेला पत्रा पुन्हा पुसत होत्या.

सलूनवाल्यानं विचारलं, "मग काका, उघडलं का दार?"

काकांनी शांतपणे त्याचा पाव बांधला. वर बघितलं.

"थोरल्यानं दार वाजवलं," ते म्हणाले. "पलीकडे शांत. त्याला वाटलं, संपलं. आणि मग पलीकडून आधी पोती ओढल्याचा आवाज आला."

रांग कान टवकारून ऐकत होती. पोती हा भाग नवा होता. बाईंनी काकांकडे बघितलं, मग काकूंकडे, आणि म्हणाल्या, "हो. मीही ऐकला तो आवाज. पहिल्या रांगेत चांगला ऐकू येतो."

काकूंनी पत्रा खाली ठेवला आणि बाईंच्या पिशवीत चार नाही, आठ बनपाव टाकले.

पुढच्याच महिन्यात नवं नाटक आलं. भट्टी आता जावयाकडेच असायची, काकांना घाई कसलीच नव्हती. पहिल्या अंकात एक तापट नायिका होती, काकांना ती फार आवडली. मध्यंतराची घंटा झाली आणि काका उठले. चपला पायांत सरकवल्या. काकू म्हणाल्या, "अहो, बसा ना. कुठे निघालात? आता काय पाव भाजायचेत?"

"मी बाहेर बाकावर चहा घेतो," काका म्हणाले. "तू सावकाश बघून ये." आणि मग थोडं वाकून, पूर्वीसारखंच, "नीट बघ गं. काही सोडू नकोस."

काकू एकट्या बसल्या. अंधार झाला. त्या नायिकेचं काही बरं चाललं नव्हतं, आणि शेवटी ती एक पिशवी उचलून घर सोडून निघून गेली, मागे न बघता. पडदा पडला. पुढच्या रांगेत बाई डोळे टिपत होत्या. लोक उठून निघाले तरी काकू खुर्चीतच होत्या, हाताची बोटं मोडत, हिला परत आणायची तर संध्याकाळच्या गाडीनं आणावी की पायी, आणि त्या पिशवीत काय घालावं, याचा विचार करत.